न दुखलेला गुडघा

मुटिन्टा हामूंगा पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला आत घेतलं, चहा दिला आणि तिच्या तोंडावर तिला हसले. पुढे मी तिचं याहून बरंच वाईट केलं. पण सुरुवात तिथून झाली, म्हणून तिथूनच सांगते.

एप्रिल महिना होता. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी लेस्टरला आमच्याकडे आल्या होत्या. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर ट्रॅकसूट घातलेली एक उंच, काटक बाई, हातात कागदांचा गठ्ठा. "मी इथल्या मुलींच्या फुटबॉल टीमची कोच," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमच्याकडे अकरा वर्षांची मुलगी आहे असं समोरच्या घरी कळलं." कोणी न सांगता तिनं बूट बाहेर काढले. सोफ्यावर सासूबाई दिसल्या तशी ती थांबली, भिंतीचा आधार घेत सावकाश गुडघ्यावर वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे, झांबियात, वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. तिचा उजवा गुडघा धड वाकत नव्हता, ते मी पाहिलं. सासूबाईंचा हात सवयीनं आशीर्वादाला वर गेला. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "केवढी काळी गं बाई ही! पण वळण चांगलं आहे हो."

आणि मी हसले. मुटिन्टाला वाटलं आपलं स्वागत चाललंय. तीही हसली.

चहा पिताना तिनं मला एक पत्रक दिलं. दर शनिवारी सकाळी दहा वाजता, पार्कातल्या मैदानावर, बारा वर्षांखालच्या मुली. "मुली स्वतःहून खेळ सोडत नाहीत," ती म्हणाली. "कोणीतरी त्यांना घरी बोलावून घेतं. म्हणून मी मैदानात वाट बघत बसत नाही, घरीच येते." मी मान डोलावली. आम्ही शिकलेली माणसं, मान फार छान डोलावतो.

उर्वी, माझी मुलगी, दुसऱ्याच शनिवारी गेली आणि चिखलानं माखून, लाल गालांनी परत आली. मला मुटिन्टाची हकीगत कळली ती उर्वीकडून, तुकड्यातुकड्यांनी. चोमा नावाच्या गावाजवळ तिचं घर. पाच मुलगे झाल्यावर ही मुलगी झाली. तिच्या भाषेत अशा मुलीचं नाव मुटिन्टा ठेवतात. भावांबरोबर खेळायचं म्हणून ती पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पडायची, लुंगीसारख्या गुंडाळलेल्या कापडाखाली भावाची चड्डी घालून. प्लास्टिकच्या पिशव्या दोरीनं करकचून बांधल्या की चेंडू झाला, आणि पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या की गोल झाला. घरी पाणी उशिरा पोहोचायचं आणि आईच्या हातचा मार वेळेवर मिळायचा. एकोणिसाव्या वर्षी ती देशाच्या संघात गेली. नऊ सामने खेळली. दहाव्याच्या सरावात गुडघ्यातलं काहीतरी तुटलं आणि ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत अकरा महिने गेले. तोवर पाय जसा जुळायचा तसा वाकडा जुळून गेला होता.

मग ती इंग्लंडला आली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांचं सगळं करायला. आठवडाभर लोकांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. शनिवारी सकाळी बसनं घरी येताना पार्कातल्या मैदानावर नुसते मुलगेच दिसायचे, ते तिला बघवेना. सुट्ट्या खर्ची घालून तिनं कोचिंगचा कोर्स केला आणि घरोघरी फिरायला लागली. देवळात गेली, गुरुद्वाऱ्यात गेली, मशिदीबाहेर आयांशी बोलली. दोन वर्षांत चौदा मुली जमवल्या. पक्के गोलपोस्ट असतानाही सराव ती दोन लाल बादल्या मांडूनच घ्यायची. म्हणायची, "बादलीला चेंडू लागला की आवाज येतो, तो मला आवडतो."

मला ती "बिना उर्वी" म्हणायची. म्हणजे उर्वीची आई. तिच्याकडे आई झालेल्या बाईला नावानं हाक मारत नाहीत, मुलाच्या नावानं मारतात, तो मान असतो. मला ते फार गोड वाटायचं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

जुलै आला. यंदा ऊन जरा जास्तच पडलं आणि उर्वी काळवंडली. हात, मान, मोज्याच्या वरचे पाय. सासूबाईंनी आधी नुसतं बघितलं, मग डाळीचं पीठ आणि दही कालवून तिच्या मागे लागल्या. "अगं चैत्राली, त्या बाईसारखी होऊन जाईल पोरगी," एके दिवशी त्या म्हणाल्या. मला राग आला. सासूबाईंचा नाही, उन्हाचा. माझ्या पोटात काय होतं ते मी आता लिहून टाकते: मलाही तेच वाटत होतं. चार बुकं शिकल्यामुळे मी ते बोलत नव्हते एवढाच फरक.

त्यातच इथल्या मराठी मंडळाचा गणपती जवळ आला. सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे, मुलींचा कोळी नाच मीच बसवत होते आणि मधोमध उर्वी असणार होती. तालमींची वेळ शनिवारी सकाळी दहा. ही वेळ मीच ठरवली होती. अकराही ठरवता आली असती.

आता सरळ मुटिन्टाला सांगायचं होतं की दोन महिने उर्वी येणार नाही. पण आमच्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. स्थळ नाकारायचं असलं की पत्रिका जुळत नाही म्हणायचं. जेवायला जायचं नसलं की पोट बिघडतं. समोरचाही ओळखतो, तोही "अरेरे, काळजी घ्या" म्हणतो, कोणाचं काही जात नाही. मी त्याच सवयीनं मोबाइलवर लिहिलं: उर्वीचा गुडघा दुखावलाय, डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. पाठवायच्या आधी वाटलं, हे जरा लेचंपेचं आहे, ही बाई घरी येऊन समजूत घालेल. म्हणून "शनिवारी सरावात" हे दोन शब्द घातले आणि पाठवून दिलं.

उर्वी शेजारी होती. "पण ममा, माझा नी-ला काय नाय झाला," ती गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली.

"माहितीये गं. असं सांगायचं असतं," मी म्हटलं.

मुटिन्टाचा लगेच फोन आला. कुठे पडली, कधी पडली, कोणत्या बाजूनं दुखतंय, सूज आहे का. मी तुटक उत्तरं देऊन फोन ठेवला. ती "अरेरे, काळजी घ्या" म्हणून मोकळी होणाऱ्यातली नव्हती. सरावात मूल दुखावलं तर क्लबला कळवायचं असा नियम, आणि तिनं तो पाळला. स्वतःविरुद्ध स्वतःच कळवलं. दोन दिवसांनी क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या जिलियनबाईंकडून मला एक फॉर्म आला. काय घडलं? त्या वेळी कोच कुठे होत्या?

इथे मी थांबू शकले असते. "सॉरी, गैरसमज झाला" एवढं लिहिलं असतं तर थोडी लाज वाटली असती आणि विषय संपला असता. पण सहा आठवड्यांची विश्रांती सांगून चुकले होते, डॉक्टरलाही मध्ये आणलं होतं. मला ती थोडीशी लाज नको होती. लॅबमध्ये नळीवरच्या नावात एका अक्षराची चूक असली तरी मी नमुना परत पाठवते. त्याच काटेकोरपणानं मी तो फॉर्म भरला. उर्वी पडली. कोच त्या वेळी दुसऱ्या मुलींकडे बघत होत्या.

कोच कुठे होत्या एवढंच विचारलं होतं, कुणीकडे बघत होत्या ते नाही. फॉर्ममध्ये जागा रिकामी दिसत होती म्हणून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात टीमच्या ग्रुपवर निरोप आला: चौकशी पूर्ण होईपर्यंत शनिवारचा सराव बंद. चौकशी कोणाची ते कोणी लिहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मुटिन्टानं मैदानावर यायचं नाही, मुलींच्या घरच्यांशी बोलायचं नाही असं तिला बजावलं होतं. निकाल तिच्याविरुद्ध गेला तर तिचं कोचिंगच बंद होणार होतं, फक्त या क्लबचं नाही, कुठल्याही. निकालाची मीटिंग गणपतीनंतरच्या सोमवारी होती. आया कुजबुजू लागल्या. एकीनं मुलीला पोहायला घातलं, दुसरीनं कथकला. चौदातल्या पाच गेल्या. कोणीतरी त्यांना घरी बोलावून घेतलं, आणि त्या हाकेची सुरुवात माझ्यापासून होती.

मी नवऱ्याला, मिहीरला, यातलं अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग एक मेल टाक ना, क्लिअर होऊन जाईल." मी "हो टाकते" म्हटलं आणि कोळणींच्या फुलांची ऑर्डर द्यायला बसले. रोज सकाळी वाटायचं आज लिहू. रोज संध्याकाळपर्यंत मी काहीतरी महत्त्वाचं शोधून काढायचे. सहा आठवडे असे गेले. मी वाईट बाई आहे असं मला त्या दिवसांत एकदाही वाटलं नाही, मी फक्त फार बिझी होते.

गणपतीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी हॉलमध्ये होता. आरती झाली, प्रसाद झाला, हॉल गच्च भरला. आमचा नाच तिसरा. हिरवी लुगडी गुडघ्यावर खोचलेल्या आठ कोळणी स्टेजवर आल्या, मधोमध उर्वी. सहा आठवडे घरात राहून तिचा रंगही उजळला होता. मी विंगेत उभी राहून हातवारे करत होते. गाणं रंगात आलं, उर्वी झोकात गिरकी घेत होती, आणि एकदम तिचा चेहरा बदलला.

ती हॉलच्या मागच्या दाराकडे बघत होती. मीही बघितलं. मुटिन्टा एक व्हीलचेअर ढकलत आत येत होती. खुर्चीत आमच्या मंडळाचे जुने सभासद उल्हासकाका, दोन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेलेले. त्यांना गणपतीला यायचं होतं म्हणून ती त्यांना घेऊन आली होती.

आणि मग उर्वी लंगडायला लागली.

माझी मुलगी, अकरा वर्षांची, भर स्टेजवर, तीनशे माणसांसमोर, गाण्याच्या मध्येच उजवा पाय ओढायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आईचं खोटं सांभाळून घेतलं. दोन पावलं लंगडली, मग गुडघा धरून खाली बसली, तोंड वेडंवाकडं करून. बाकीच्या मुली थांबल्या. गाणं तेवढं चालू राहिलं. मला तेव्हा जी लाज वाटली ती मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. पण विंगेतून मी हलले नाही.

हलली ती मुटिन्टा. आमच्याशी बोलायचं नाही हे तिला बजावलेलं होतं, आणि हॉलमध्ये सगळे बघत होते. ती विसरली. खुर्चीचा ब्रेक लावून ती आपला तो पाय ओढत धावत आली, स्टेजवर चढली आणि उर्वीसमोर गुडघे टेकून बसली. "इतक्यात नाचायला कसं दिलं हिला?" ती मला म्हणाली. "डॉक्टरांनी व्यायाम दाखवून दिले का? बिना उर्वी, डॉक्टर काय म्हणाले?"

तिनं उर्वीचा गुडघा दोन्ही हातांत घेतला. वाटीच्या कडेनं दाबून पाहिलं, पाय वाकवला, सरळ केला, पोटरी धरून हलकेच पुढे ओढून पाहिली. मग दुसरा गुडघा पाहिला. मग पुन्हा पहिला. स्वतःचा गुडघा गमावलेल्या माणसाचे हात होते ते, त्यांना काय कळायचं राहतं? तिचे हात थांबले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाळली. तेवढ्यानं तिला उरलेलं कळलं.

"काय झालं गं? डॉक्टरला फोन करू?" मंडळातली मनीषा मागून विचारत होती.

मुटिन्टा सगळ्यांसमोर बोलू शकली असती. तीनशे साक्षीदार आयते होते. तिनं उर्वीच्या लुगड्याचा काठ नीट केला आणि म्हणाली, "गुडघा चांगला आहे. एकदम मजबूत गुडघा आहे." मग स्टेजचा खांब धरून उठली, उठताना तिला दुखलं, आणि उल्हासकाकांकडे परत गेली. ती त्यांना मोदक भरवत होती, ते मी लांबून पाहिलं. मी जवळ गेले नाही.

सोमवारी सकाळी, मीटिंगच्या आधी, मी जिलियनबाईंसमोर जाऊन बसले. एका दमात सगळं सांगितलं: उर्वी पडली नाही, कधीच पडली नव्हती, डॉक्टर नव्हता, मी खोटं लिहिलं. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल उघडली. "मुटिन्टानं हिअरिंगसाठी लिहून दिलं होतं, जुलैमध्ये. तुम्ही ऐकायला हवं," म्हणाल्या, आणि वाचून दाखवलं.

"उर्वी पडलेली मला आठवत नाही. मी तो शनिवार मनात पुन्हापुन्हा बघते, मला ती कुठेच पडलेली दिसत नाही. पण तिची आई सांगते म्हणजे पडली असेल, आणि मी बघितलं नसेल. चूक माझी आहे. कुठली आई आपल्या मुलीचं दुखणं खोटं सांगेल?"

लहानपणी माझी आई आम्हाला खोटं आजारपण सांगू द्यायची नाही. असं अशुभ बोलू नये म्हणायची. ती अडाणी समजूत म्हणून मी केव्हाच सोडून दिली होती. जिलियनबाईंच्या टेबलावर टिश्यूंचा डबा होता, त्यांनी तो माझ्याकडे सरकवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

चौकशी बंद झाली. सराव सुरू झाला, नऊ मुलींवर. पण उर्वी जाईना. शनिवारी सकाळी पांघरूण डोक्यावरून ओढून पडून राहिली. "ममा, मी नाय जाणार," पांघरुणातून आवाज आला. "तू फक्त लिहिला. मी तर लंगडली. तिच्यासमोर." मी तिला समजवायला लागले की चूक माझी आहे, तुझी नाही. तिनं विचारलं, "मग तू सॉरी म्हणाली का तिला?" मी जिलियनबाईंना सगळं सांगितलं होतं. मुटिन्टाला नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी बेल वाजली. मुटिन्टा होती. कामावरून येत होती, ट्रॅकसूटच्या जॅकेटखाली वृद्धाश्रमाचा निळा युनिफॉर्म. तिनं बूट बाहेर काढले. मी दारातच "आय अ‍ॅम सॉरी" म्हटलं. सहा आठवडे आणि पंधरा दिवस उशिरा आलेला तो शब्द इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही. तिनं नुसती मान हलवली आणि "उर्वी कुठे आहे?" विचारलं. सोफ्यावर सासूबाई होत्या. मुटिन्टा भिंतीचा आधार घेत गुडघ्यावर वाकली, हलक्या टाळ्या वाजवल्या. या वेळी सासूबाईंनी उठून तिला हात दिला आणि उभं केलं.

उर्वी जिन्यावर येऊन बसली होती, मान खाली. मुटिन्टा तिच्या खालच्या पायरीवर बसली. मी चहा करायला गेले, पण कान तिकडेच होते.

"रेफरीसमोर लागल्याचं नाटक केलं तर काय मिळतं?" मुटिन्टानं विचारलं.

उर्वी पुटपुटली, "यलो कार्ड."

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मुटिन्टानं खिशातून खरंच पिवळं कार्ड काढलं होतं आणि हात उंच करून उर्वीसमोर धरलं होतं, चेहरा अगदी कडक. उर्वी आधी रडली, मग नाक पुसत हसली. "झालं," मुटिन्टा म्हणाली. "एका यलो कार्डनंतर खेळता येतं. शनिवारी दहाला ये. बादल्या तू मांडायच्या."

मी ट्रे धरून तशीच उभी होते. ते कार्ड अजून तिच्या हातात होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. आता माझा नंबर, असं मला वाटलं. मलाही कार्ड मिळावं असंही वाटलं, लाल असलं तरी चाललं असतं.

तिनं कार्ड खिशात ठेवलं आणि चेन ओढली. उभ्याउभ्याच चहा प्यायली, सगळा. दारात बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, उजवा पाय लांब करून, कारण तो वाकत नाही. मग उठून माझ्याकडे वळली.

"थँक यू फॉर द टी, चैत्राली," ती म्हणाली.